गोड आणि तीट

वन्सं,

तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात गोड निघालेलं नाही.

दुसऱ्या कुणी हे ऐकलं तर म्हणेल, असल्या दुष्काळात गोड निघणार कुठून? गुळाचा खडा डोळ्यांना दिसेनासा झाला, तेव्हाच तर तुम्ही ते सुरू केलंत. ताटात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी होती. चावायला गेलं तर दात दुखावेत अशी. मी तोंड वाकडं केलेलं तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, "सुमन, जेवनावर कायतरी गोड पायजे. चल, काढ."

मी म्हटलं, "वन्सं, डबा रिकामा आहे."

"डब्यातलं न्हाई गं. आज कुनाचं काय चांगलं बघितलंस, ते काढ."

मला वाटलं उन्हाने तुमचं डोकं फिरलंय. पण तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून थांबलात. मी काही बोलले नाही तर तुम्ही जेवणार नाही हे दिसत होतं. मग मी तलावाच्या दुष्काळी कामावरच्या एका पाटीवालीचं सांगितलं. तिने दुसऱ्या बाईच्या डोक्यावरची चुंबळ सरळ केली होती, न सांगता, जाता जाता. एवढंच. तुम्ही "वा!" म्हणालात, जणू मी पुरणाची पोळी वाढली.

तेव्हापासून रोज. माणसाचंच काढायचं, असं तुमचं म्हणणं. एकदा मी ढग आला होता ते सांगितलं तर तुम्ही मान हलवलीत. "देवाचं चांगलं देवाला ठावं हाय. त्याला सांगून काय नवल." आपलं स्वतःचंही चालत नसे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसऱ्या दिवशी त्या माणसाला ते तोंडावर सांगायचं. ते मला कधी जमलं नाही. मी घरात तुम्हाला सांगायची आणि सकाळी कामावर गेलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. बायका मला मुकी म्हणतात, त्यात त्यांची काय चूक? तुम्हीच माझं गोड माझ्या वतीने पोचवत होतात. "ही सुमन म्हनत हुती," असं म्हणून माझ्याकडे बोट करायचात, आणि मी पदरात तोंड घालायची.

तुमचं पोचवणं तरी काय सरळ होतं! मुकादमाला तुम्ही म्हणालात, "मुकादम, काल तुमी त्या म्हातारीला सावलीतलं काम दिलं. लई चांगलं केलं बगा."

मुकादमाने वहीतून डोकं वर काढलं. "मार्ताबाई, खाडा माफ व्हनार न्हाई."

"खाडा कुटं पडलाय माजा?"

"मंग काय पायजे?"

"काय बी न्हाई."

"आसं कसं? कायतरी पायजेच आसंल."

तुम्ही निघून आलात आणि तो बिचारा दिवसभर तुमच्याकडे संशयाने बघत राहिला. बायकांनी तर नावच पाडलं. "नाव मार्ताबाई, आन् मारत कुनाला न्हाई. नुसती लोनी लावत फिरती." तुम्ही त्यांच्यात सगळ्यांत जास्त हसलात. संध्याकाळी त्यातलंही गोड काढलंत. म्हणालात, पोटात काही नसताना बायकांना चेष्टा सुचते, हे काय थोडं आहे?

वन्सं, मी हे लिहिते आहे ते दारात बसून, उजेड आहे तोवर. आत जायला नको वाटतं. तुमचे भाऊ मातीला आले होते. दोन रात्री राहिले आणि परत उसाच्या तोडीला गेले. कारखान्याचा पट्टा पडून हंगाम संपेपर्यंत ते येणार नाहीत. जाताना म्हणाले, "तू एकटी ऱ्हाशील ना?" मी मान हलवली. नाही म्हणायला बोलावं लागलं असतं.

मला सारखी ती झोळी आठवते. तलावाच्या कामावर बाभळीला बांधलेली. पारूची तिसरी मुलगी तिच्यात असायची. नाव ठेवलेलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा पारू म्हणाली, "ठिवू की सवडीनं." घरचे, बाहेरचे सगळे तिला तिसरीच म्हणत. पारूची सासू गंगूबाई तर तिला मांडीवर घेत नव्हती. तीन नातींवर एक नातू नाही, म्हणून त्या घरात पारूची पाठ कायम वाकलेली. आधी त्यांच्या घरी चार बैल आणि दोन विहिरी. विहिरी आटल्या, दोन बैल घोडेगावच्या बाजारात गेले, आणि पारू आपल्या शेजारी माती उचलायला आली. तेव्हा आपण त्यांच्या दारात पाणी मागितलं तर आपण भांड्याला शिवू नये म्हणून गंगूबाई वरून ओंजळीत ओतायची. हे मी विसरले नव्हते. तुम्हीही विसरला नव्हतात, ते मला नंतर कळलं.

तुम्ही झोळीत डोकावलात. म्हणालात, "अगं पारू, काय बगती गं ही! वळख आसल्यावानी बगती मानसाकडं. डोळे हायेत का दिवे?"

पारूने मागे वळून पाहिलं. दुसऱ्याच कुणाच्या लेकराविषयी बोलणं चाललंय असं तिला वाटलं. मग तिला कळलं आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना. त्या पोरीला जन्मल्यापासून कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तुम्ही तिथेच थांबला नाहीत. कान चांगले, जावळ चांगलं, मूठ कशी घट्ट धरते. पुरे म्हणून मी तुमचा पदर ओढला. तुम्हाला मूल नव्हतं, विधवा बाई, आणि लोकांच्या लेकराला असं उघड्या तोंडाने चांगलं म्हणायचं? गावात असं कुणी करत नाही. म्हटलंच तर लगेच थुंकतात, बोटं मोडतात, काहीतरी वाईटही म्हणतात. तुम्ही नुसतं चांगलं म्हणालात आणि घमेलं उचलून चालू लागलात.

दोन दिवसांनी पोरीला ताप भरला.

गंगूबाई भर उन्हात कामावर आली. तिचा आवाज आधी आला, ती मागून. "कोन ती मार्ताबाई? ये की म्होरं! माज्या नातीला नजर लावली व्हय गं? सोताची कूस कोरडी ऱ्हायली म्हनून दुसऱ्याच्या लेकरावर डोळा ठिवती? पोरगी डोळं उघडंना माजी!" आणि बोलता बोलता ती मटकन मातीत बसली आणि रडायला लागली.

तुम्ही उभ्या होतात. डोक्यावर भरलेलं घमेलं तसंच. कुणीतरी ते उतरवायला हवं होतं, पण बायका बाजूला सरकल्या. मी उतरवलं.

त्या संध्याकाळी मी भाकरी वाढली आणि म्हटलं, आज गोड नको.

"आज तर लई मोठं हाय," तुम्ही म्हणालात. "गंगूबाई रडली."

मला पहिल्यांदा तुमचा राग आला. मी कधी मोठ्याने बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. ती बाई तुम्हाला काय काय म्हणाली आणि तुम्हाला त्यात गोड दिसतं? तुमच्या कुशीवर बोलली ती.

"ते ऐकलं मी. लागलं न्हाई व्हय मला? लई लागलं." मग म्हणालात, "पन सुमन, 'माजी नात' म्हनली ती. माजी म्हनली. त्या पोरीला आजवर कुनी तीट लावली हुती का? न्हाई. तीट कुनाला लावत्यात? ज्याला नजर लागंल म्हनून भ्या वाटतं, त्याला. हिचं भ्याच न्हवतं कुनाला. आज वाटलं. आता बग, लावतील तीट."

मी म्हटलं, "तुम्ही असं एवढं एवढं चांगलं वेचत बसता, म्हणून ते लोक वाईट वागायला मोकळे होतात. आपल्याला वरून पाणी ओतलं तिने."

"व्हय, ओतलं. मला दिसत न्हवतं का? चांगलं बगायचं म्हंजे वाईटाकडं डोळे झाकायचे, आसं कुनी सांगितलं तुला? मला दोनी डोळे हायेत."

आपलं ते भांडण तिथेच राहिलं. मला आजही ते पुरतं पटलेलं नाही, वन्सं. आजही वाटतं, तुम्ही फार स्वस्तात देत होतात. एखादा शेवटी माणसासारखा वागला तर त्यात कौतुक कसलं, तसं तर वागायलाच हवं. पण तुम्ही म्हणाल, आई लेकराच्या पहिल्या पावलाचं कौतुक करतेच की, चालायला तर सगळ्यांनाच हवं. हे तुम्ही म्हणालात की मीच तुमच्या तोंडी घालते आहे, ते आता मला नीट सांगता येत नाही. दोन आठवडे झाले नाहीत आणि तुमचा आवाज माझ्यात मिसळायला लागला आहे. त्याची मला भीती वाटते.

पोरीचा ताप उतरला. पारू परत कामावर आली, पण झोळी तिने दुसऱ्या बाभळीला बांधली, आपल्यापासून लांब. तुम्ही बाजारातून एक काजळाची डबी आणलीत. मला वाटलं कुणाच्या बारशासाठी असेल. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सरळ त्या बाभळीखाली गेलात. मी मागून आले.

"पारू," तुम्ही म्हणालात, "तुज्या लेकीचं मला कौतिक करायचंय. त्याबिगर मला करमंना. तुला भ्या वाटंल म्हनून तीट बी मीच आनली. बोलू का?"

पारूने हळूच झोळीचं तोंड उघडलं.

तुम्ही आधी पोटभर कौतुक केलंत. मग डबी उघडून तळपायाला तीट लावलीत. पारू म्हणाली, "गालाला लावत्यात की." तुम्ही म्हणालात, "गाल बगू दे मला. पाय कोन बगतंय."

मग ते रोजचंच झालं. कनवटीला डबी, सुट्टीत बाभळीखाली. गंगूबाई कामावर वाटतात ती सुकडी घ्यायच्या निमित्ताने यायची, लांब बसून मिश्री लावत बघायची. आठवतं का, एक दिवस ती तिथूनच ओरडली, "अगं डाव्या पायाला लाव! उजव्याला काय लावती, मार्ताबाई! तीट बी लावता येत न्हाई व्हय तुमच्यात?"

तुम्ही लगेच डाव्या पायाला लावलीत. घरी आल्यावर दिवसभराचं गोड काढायची वेळ आली तर तुम्हाला हसू आवरेना. ठसका लागला. मी पाठीवरून हात फिरवला. तुमच्या पाठीची हाडं तेव्हा हाताला लागली.

आपल्या चर्चच्या लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. ते वाईट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मार्थाबाई, नजर, तीट हे सगळं आपण मागे टाकून आलो. तुम्ही जुन्या सभासद. तुम्हीच असं केलं तर नवीन लोकांना आम्ही काय सांगायचं?"

तुम्ही त्यांना कोरा चहा दिलात. म्हणालात, "साहेब, एवढ्या उनाचं आमच्यासाठी चालत आला. लई बरं वाटलं." त्यांना पुढे बोलता येईना. टोपी घालून गेले.

ते गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, साहेब बरोबर बोलले. तुमचा त्या तिटेवर विश्वास आहे का?"

"न्हाई."

"मग खोटं नाही का ते? आपल्या धर्मात बसतं का?"

तुम्ही पितळीतलं उष्टं पाणी परसातल्या शेवग्याला घातलंत, तेवढा वेळ विचार केलात. मग म्हणालात, "उद्या सांगते. आज नीट सुचंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला ओकाऱ्या सुरू झाल्या.

दुपारपर्यंत तुमचे डोळे खोल गेले. मी दारात उभी राहिले आणि हाक मारायला तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. आपण कामावर का आलो नाही ते बघायला आलेल्या पारूनेच मला तसं उभं पाहिलं आणि घरी पळाली. गंगूबाईच्या मुलाने बैलगाडी जुंपली. त्या घराची गाडी आपल्या दारात आजवर आली नव्हती. तुम्हाला चादरीवर घातलं, मी डोकं मांडीवर घेतलं, आणि पारनेरच्या रस्त्याला लागलो. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मग उघडलेत आणि गाडीवाल्याच्या पाठीकडे बघून म्हणालात, "बैल लई चांगले ठिवलेत रं, बाबा. असल्या दिसात."

तो मागे वळला नाही. पण त्याने आसूड खाली ठेवून दिला. मला नंतर म्हणाला, "वैनी, औंदा माज्या बैलाला बगून कुनी चांगलं म्हनलं न्हाई. समदे म्हनत, इकून टाक."

तुमचं शेवटचं गोड ते. आणि तुम्ही ते तोंडावर सांगितलंत. दवाखाना अजून लांब होता.

जमीन दगडासारखी झाली होती, खड्डा खणता येईना. मुकादमाने कामावरचे चार गडी पहारी देऊन पाठवले आणि स्वतःही आला. गंगूबाई कुंपणाच्या बाहेर उभी राहिली. आत आली नाही, पण गेलीही नाही. मंडळी गायला लागली, आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली, वन्सं, जी एवढ्या वर्षांत कळली नव्हती.

लग्न होऊन मी आले तेव्हापासून उपासनेत तुमच्या शेजारी बसत आले. माझा आवाज चारचौघांत निघत नाही. नुसते ओठ हलवते. तुम्ही मात्र इतक्या मोठ्याने आणि इतक्या बेसूर गायचात की पुढच्या बाकावरची माणसं मान वळवायची. मला लाज वाटायची. घरी जात्यावर मात्र तुमचा सूर कधी हलला नाही. मला वाटायचं, चर्चमध्ये गेलं की यांना काय होतं कुणास ठाऊक. तुमच्या खड्ड्याशी सगळे गात होते आणि माझ्या बाजूला कुणी गात नव्हतं. मी ओठ हलवत होते. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघितलं की मी गात नाही.

तुम्ही मला झाकत होतात. आणि मी त्याची लाज धरत होते.

त्यानंतर मी कामावर गेले. घरात बसणं त्याहून कठीण होतं. बायका माझ्याशी चांगल्या वागल्या, पण मुकीशी बोलायचं तरी काय? त्या घमेलं भरून देत होत्या, मी घेत होते. सुट्टीत मी एकटी भाकरी सोडायची आणि परत बांधायची. संध्याकाळी घरी यायची. समोर तुमची पितळी उपडी. दिवसभर काही ना काही चांगलं दिसायचं, तुम्ही लावलेली खोड जात नाही, पण सांगायचं कुणाला? ते घशातच राहायचं. न सांगितलेलं गोड असं कडू होतं, हे मला माहीत नव्हतं.

आज पारू आली. सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसली, पोरगी मांडीवर. पोरगी माझ्याकडे बघत होती, ओळख असल्यासारखी. पारू वाट बघत होती. शेवटी तिच्याच्याने राहवेना.

"काय गं सुमन, तू बी काय बोलनार न्हाईस व्हय?"

"काय बोलू?"

"काय बी बोल की." तिने मान खाली घातली. "त्या गेल्यापासून हिला कुनी कायच म्हनलं न्हाई. मी तरी आई, मी म्हनून काय? सासूबाई तीट लावत्यात रोज, पन बोलत न्हाईत. नुसती तीट लावून काय करू?"

वन्सं, माझे कान तापले. तलावाचं सगळं काम थांबून माझ्याकडे बघतंय असं वाटलं. खरं तर कुणीच बघत नव्हतं. मी त्या पोरीच्या हसण्याकडे बघितलं. तुमच्यासारखे दिव्याबिव्याचे शब्द मला येत नाहीत. मी म्हटलं, "हसताना नाकाला घडी पाडते ही."

एवढंच. पण ते निघालं.

"व्हय ना?" पारू म्हणाली. तिने पोरीला वर उचललं, उजेडात धरलं आणि नाकाकडे बघितलं. "मला बी तेच वाटायचं. म्या म्हनलं, मलाच वाटतं का काय." आणि हसता हसता ती एकदम थांबली. डोळ्यांत ती जुनी भीती आली. झाडाकडे, बायकांकडे बघितलं. तिने पोरीला छातीशी ओढलं.

तुमची डबी माझ्या कनवटीला होती. मातीच्या दिवशी तुमच्या लुगड्याच्या गाठीतून काढून मी ती ठेवून घेतली होती, का ते मलाही माहीत नव्हतं. काजळ वाळलं होतं. बोटाला थुंकी लावून घासावं लागलं.

डाव्या पायाला लावली.

पारूचा श्वास खाली बसला, मला ऐकू आला. मग तिने पोरीला परत मांडीवर सैल सोडलं आणि म्हणाली, "नाव ठिवायचं म्हनत्यात सासूबाई. सुचंल ते ठिवू म्हनल्या, पन ठिवू."

आता ऊन भिंतीवरून उतरलं आहे. आत जाऊन चूल पेटवायची आहे. भाकरी एकीचीच. तुमच्या जागी कुणी बसणार नाही, ते मला माहीत आहे, आणि पारू आपल्या घरी गेली आहे, आणि तुमचे भाऊ दूर आहेत. पण आज मी गोड काढणार आहे. गोड तुमचंच आहे. माणसाने ते तोंडावर सांगायचं असतं. तुम्ही समोर होतात तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. म्हणून इथे सांगते: वन्सं, तुम्ही माझ्या शेजारी बेसूर गायलात. लई चांगलं केलंत.

आणि ते तिटेचं, उद्या सांगते म्हणाला होतात ते, राहू द्या. आज मीच लावली.